मानाची मुंडी

झुंबरबाईने पाटलांच्या चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं, आत वाकून पाहिलं, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि झाकण पुन्हा जागच्या जागी ठेवलं. आत साधी हरभऱ्याच्या डाळीची आमटी होती. पाटलीणबाई धोंडाबाई पिठाचे हात तसेच धरून बघत राहिली. पाटलाच्या स्वयंपाकघरात शिरून पाटलिणीच्या देखत पातेलं उघडायची हिंमत खुद्द तिच्या सासूनेही कधी केली नव्हती.

"काय शोधतायसा, मावशी?"

"शोधत न्हाई, बघतीया," झुंबरबाई म्हणाली. "मत मागाय तुमी आमच्या दारात येता. मग आमी तुमच्या चुलीपत्तुर यायला नगो?"

तिथून ती निघाली ती थेट खालच्या आळीला अंबाजीच्या घरी. तिथल्या शिंक्यावर तिला सुकट सापडली. अंबाजीची बायको विठाबाई घाईघाईने म्हणाली, "मांजरीसाठी ठेवलीया." झुंबरबाईने घरभर नजर फिरवली. मांजर कुठे दिसेना. विठाबाई म्हणाली, "येती अधनंमधनं." झुंबरबाईच्या कपाळावर एक आठी वाढली.

ही सदतीस-अडतीस सालातली गोष्ट. पवनेच्या काठच्या कोंढवळी गावात तेव्हा गावसुधार मंडळ निघालं होतं आणि त्याला एक परसिडेंट हवा होता. परसिडेंट म्हणजे नेमकं काय, हे गावाला नीटसं ठाऊक नव्हतं. पण पद मोठं असणार हे साऱ्यांना पटलं होतं, कारण त्यापायी दोन शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. घरटी एक मत. निवड होईल त्या दिवशी वडगावहून मामलेदारसाहेब चावडीत येऊन बसणार होते आणि नव्या परसिडेंटला एकच गोष्ट विचारणार होते: वेशीजवळचं दारूचं दुकान गावाला हवं की नको? 'नको' असा शब्द पडला, तर त्याच दिवशी दुकानाला टाळं लागणार होतं.

या एका शब्दासाठी झुंबरबाईचा जीव टांगणीला लागला होता. तिचा एकुलता एक मुलगा भिमाजी रेल्वेच्या गँगमध्ये होता. रोज तळेगावहून चालत यायचा आणि दुकान नेमकं वाटेत. कामावरून सुटलेला भिमाजी आणि घरी पोचलेला भिमाजी ही दोन वेगळीच माणसं असायची. मुलगा अंगाने दांडगा, मनाने मऊ. आईला कधी उलट बोलायचा नाही, फक्त दुकान ओलांडायचं त्याला जमायचं नाही. आईने त्याला तुळशीची माळ घातली, तरी जमलं नाही. शेवटी त्याची बायको शालूबाई पोर काखेत घेऊन माहेरी गेली. जाताना सासूच्या पाया पडली आणि म्हणाली, "तुमच्यावर राग न्हाई, आत्याबाई. दुकान हाललं की निरोप धाडा. मी त्याच पावली येते."

तेव्हापासून झुंबरबाईने कंबर कसली होती. गावात माळकऱ्यांची घरं थोडी, पण ती एकमुठीने वागायची, आणि ती मूठ झुंबरबाईची होती. माळकरी ज्याच्याकडे झुकतील तो परसिडेंट, हे लहान पोरालाही कळत होतं. प्रश्न एवढाच होता की झुकायचं कुणाकडे.

एका बाजूला महिपती पाटील. गळ्यात जुनी माळ, कपाळाला गंध, वाणी गोड. माळकऱ्यांच्या आळीत तो दारूला विष म्हणायचा आणि दुकानाच्या ओट्यावर बसला की, "कुणाच्या पोटावर पाय आपुन आनत न्हाई," म्हणायचा. दुसऱ्या बाजूला अंबाजी. लोणावळ्याच्या इंजिनशेडात फायरमन होता, आता रिटायर होऊन गावी आलेला. आपण काय खातो, काय पितो, हे त्याने आयुष्यात कधी लपवलं नव्हतं. पण निवडणूक लागली आणि चार दिवसांत तो माळ घालून आला. माळ नवी असल्यामुळे गळ्याला खाजायची आणि बोलता बोलता त्याचा हात सारखा तिकडे जायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, केवढी ही भक्ती!

"येक गंधाच्या आड लपतुया, दुसरा माळंच्या," झुंबरबाई भजनाच्या बैठकीत म्हणाली. "मी दोघांच्या ताटात बघनार."

भजनाचे बुवा दत्तोबा टाळ बाजूला ठेवत म्हणाले, "अगं झुंबरबाई, मानूस काय बोलतो ते ऐकावं. ताटात कशाला बघायचं?"

"बोलायचं आन जेवायचं तोंड येकच आसतंय, बुवा. जेवताना फिरनारं तोंड मामलेदारापुढं फिरनार न्हाई कशावरनं?"

बुवांनी पुन्हा टाळ उचलले. 

पण पातेली उघडून झुंबरबाईच्या हाती लागली ती एक आमटी आणि थोडीशी सुकट. एवढ्यावर निकाल देणं तिच्या न्यायात बसत नव्हतं. म्हणून तिने राखणीच्या दिवसावर डोळा ठेवला. निवडीच्या आदल्याच दिवशी राखण येत होती.

राखणीला गाव वाघजाईला बोकड देतो. बाकीचे वाटे घरोघर जातात, पण मुंडी पाटलाची. ती खायची वस्तू नव्हे, तो मान आहे, असं गाव मानायचं. पाटलाने तो कायमचा नाकारला, तर भावकीतल्या दुसऱ्या घरी जायचा आणि परत यायचा नाही. त्याचे नियमही कडक होते. मुंडीची पाटी देवळातून निघाली की भुईला टेकवायची नाही. गावच्या कुणा घरवाल्याने ती हातात घेऊन उंबऱ्याच्या आत नेल्याशिवाय वेशीबाहेर काढायची नाही. एकदा घरात घेतली, की मग तिचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं.

महिपती माळकरी झाल्यापासून पाटी त्याच्या पुढच्या दाराने आत यायची, धोंडाबाई तिच्यावर हळदकुंकू वाहायची आणि मागच्या दाराने ती डोंगराकडच्या वाडीतल्या नवसूकडे जायची. नवसूच्या घरी झकास रस्सा व्हायचा. पाटलाचा मान राहायचा, माळही राहायची, आणि नवसू वर्षभर पाटलाला दुवा द्यायचा. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

झुंबरबाईची होती. "मागल्या दारानं घालवायचं, तर पुढल्या दारानं घ्यायचंच कशाला?" ती म्हणाली. "आन घ्यायचंच तर लपवायचं कशाला? औंदा मी वसरीवर बसून बघनार हाय."

आणि खरोखरच ती बसली. राखणीच्या दिवशी ढोल वाजायला लागला तशी ती हातात जपमाळ घेऊन पाटलांच्या ओसरीवर ठाण मांडून बसली. एक डोळा पुढच्या दारावर, एक मागच्या. मागच्या दाराशी नवसू नेहमीप्रमाणे गाडगं घेऊन उभा होता. महिपतीने तिला आधी चहा विचारला, मग ताक विचारलं, मग ऊन लागेल म्हणून घरी जायला सुचवलं. ती नुसती मणी ओढत राहिली.

वाघजाईचा पुजारी कोंडू डोक्यावर पाटी घेऊन आला. पाटीवर पळसाची पानं झाकलेली. तो उंबऱ्यात पाय ठेवणार तोच महिपती ओरडला, "थांब! आत येऊ नगंस!"

"मग काय करू, भाऊ? भुईला टेकवायची न्हाई."

महिपतीने झुंबरबाईकडे पाहिलं, तशी तिने मणी ओढायचं थांबवलं.  पाटी आत घेतली तर माळकऱ्यांची मतं गेली, आणि नाकारली तर मान गेला. पण पाटीलकी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या घरातला माणूस तो. त्याला वाट सुचलीच.

"औंदाचा मान मी माज्या खुशीनं अंबाजीभाऊला देतो," तो साऱ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "येका सालापुरता! येका सालापुरता हां!"

अंबाजीच्या जिभेवर त्याचा पुरा भरवसा होता. अंबाजी मुंडी घेईल, खाईल, आणि उद्या माळकरी त्याचं नाव काढणार नाहीत. कोंडू वळला. झुंबरबाई उठली आणि पाटीमागे चालू लागली. तिच्यामागे गाडगं घेऊन नवसू, आणि नवसूमागे गावची कुत्री.

अंबाजीच्या घरातून भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता. वाट्याचं मटण यायचं होतं, त्यासाठी विठाबाई सकाळपासून वाटणाच्या मागे होती. दारात पाटी पाहताच अंबाजीचा चेहरा उजळला. "ये ये कोंडू, ये की आत!" म्हणत त्याने दोन्ही हात पुढे केले. तेवढ्यात पाटीमागची झुंबरबाई दिसली. पुढे केलेले हात तसेच वर गेले आणि कपाळाशी जुळले.

"राम राम, मावशी," तो म्हणाला. "ह्ये काय आनलंस, कोंडू? आमी माळकरी मानसं! ह्यो मान भजनाच्या बुवांचा. बुवांकडं न्ये."

आतून विठाबाई म्हणाली, "आवं, वाटण झालंय की!"

"गप गं!" अंबाजी खेकसला आणि माळ खाजवू लागला.

मिरवणूक दत्तोबा बुवांकडे गेली. बुवांनी खिडकीतून पाहिलं, दार लावून घेतलं आणि आत मोठ्याने भजन सुरू केलं. एकच ओळ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. कोंडू बराच वेळ उभा राहिला, मग दाराला तोंड लावून म्हणाला, "बुवा, भजन कवा सपतंय?"

"आज सपत न्हाई!" आतून आवाज आला. "अखंड हाय!"

मग कोंडू घरोघर फिरला. ज्या घरांत वाटे शिजत होते तीसुद्धा दारं लावून बसली, कारण पाटलाने सोडलेला मान घरात घेणं म्हणजे पाटलाच्या भावकीशी उभं वैर. कोंडूला स्वतःलाही ठेवून घेता येत नव्हतं. तो वाडीचा, वेशीबाहेरचा. ऊन कललं, ढोलवाले जेवायला गेले, कुत्री मात्र वाढत चालली. नवसू प्रत्येक दारात सांगत होता, "मी हितं उभा हाय की. मला द्या."

"तुला द्यायला आदी कुनीतरी घ्यायला पायजे," कोंडू मान न हलवता म्हणाला.

"म्हंजे खायला मी तयार, आन घ्यायला कुनी न्हाई? ही कसली रं निवडनूक!" नवसू वैतागला. "पुढल्या साली परसिडेंट नसंल तवा बोलवा," म्हणून त्याने गाडगं काखेत मारलं आणि वाडीची वाट धरली.

आता राहिली दोघंच. झुंबरबाईचं घर वेशीला लागून शेवटचं. तिला आपलं घर आलेलं दिसलं आणि बरं वाटलं. दोन्ही उमेदवार तिच्या डोळ्यांदेखत मुंडीला नाही म्हणाले होते. एकाने घाबरून, एकाने लाळ गिळून, पण म्हणाले होते खरे. आता दोघांत डावंउजवं कसं करायचं, याचा विचार करत ती दाराशी आली. एवढ्यात कोंडू कण्हला.

"मावशी, जरा हात लावा. मानंत कळ आलीया."

मावळात डोक्यावर ओझं घेतलेला माणूस 'हात लावा' म्हणाला, की कुणी विचार करत बसत नाही. मोळी असो, भाताचा भारा असो, पाण्याचा हंडा असो. हात आपोआप वर जातात. वैऱ्याच्या डोक्यावरचं ओझंही माणूस आधी उतरवतो आणि मग भांडायला लागतो. झुंबरबाईचे हात वर गेले. पाटी तिच्या हातात आली. कोंडूने आपले हात काढून घेतले, मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून पाहिली आणि आरोळी ठोकली, "घेतली! मावशीनं घेतली!"

"आरं मुडद्या, उतरवाय हात लावला म्या!"

"हातात हाय न्हवं? मग घेतली!" असं म्हणून तो धूम पळत सुटला.

झुंबरबाई पाटी घेऊन आपल्या दारात उभी राहिली. भुईला टेकवायची नाही. समोर सारी कुत्री ओळीने बसलेली. तिने एक पाय उचलून उंबऱ्याच्या आत ठेवला, देवाचं नाव घेतलं आणि दुसराही ठेवला. पाटी गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवून तिने वरून डालगं झाकलं, डालग्यावर दगड ठेवला आणि आंघोळ करून ती तशीच ओल्या केसांनी बुवांकडे निघाली. माळकऱ्याच्या घरात असं काही आलं तर प्रायश्चित्त काय, आणि ते वाडीला कुणाच्या हाती पाठवायचं, एवढं विचारून यायचं होतं.

बुवांनी दार उघडायलाच फार वेळ लावला. कितीही सांगितलं, तरी पाटी आता दारात नाही यावर त्यांचा विश्वास बसेना. मग प्रायश्चित्तावर चर्चा झाली आणि तीही लांबली. अखेर झुंबरबाई परत निघाली तेव्हा दिवेलागण झाली होती. वाटेत तिला वाटलं, कुणाचा तरी मसाला मोठा छान जमलाय. आणखी थोडं चालल्यावर ते घर आपलंच आहे, हे तिच्या ध्यानात आलं.

भिमाजी चुलीपुढे उकिडवा बसला होता. गँगच्या तळावर सगळे आळीपाळीने स्वयंपाक करतात, त्यामुळे त्याचा हात चांगला बसलेला. पातेलं रटरटत होतं. डोळे थोडे तांबारले होते, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"कुनाला इचारून शिजवलंस रं?" आईने विचारलं.

"म्हंजे?" भिमाजी चकित झाला. "घरात तू आन मी. मी आनली न्हाई. म्हंजे तूच आनलीस. मला वाटलं, आई इरघळली."

"आन गळ्यातली माळ?"

"ती खुंटीला हाय," तो लगेच म्हणाला. "माळ गळ्यात ठेवून मी कंदी काय केलं न्हाई, आई. तुजी आन."

"कुटल्या खुंटीला? हितं तर दिसत न्हाई."

"दुकानाच्या दाराआड. मघा आनायचीच इसरली." भिमाजी पळीने रस्सा ढवळत सांगू लागला. "दुकानदारानं मुद्दाम ठोकून घेतल्यात खुंट्या, आमा माळकऱ्यांसाठी. आत जाताना काढायची, निघताना घालायची."

झुंबरबाई त्याच्या पुढ्यात येऊन बसली. "आमा म्हंजे? अजून कोन कोन?"

"नावं न्हाई घेनार," भिमाजी ठामपणे म्हणाला. "मी पितो, पर चहाडी करत न्हाई."

त्या रात्री झुंबरबाई उपाशीच निजली. पाटलाच्या घराला मागचं दार आहे म्हणून तिने गावभर डांगोरा पिटला होता. आता तिच्या पदरात पोटचा मुलगा होता, चुलीवर वाघजाईची मुंडी होती, आणि डोळ्यांपुढे माळांनी भरलेल्या खुंट्यांची रांग. तिला फार वाईट वाटलं. रडूही आलं. पण रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि उद्या काय करायचं ते ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे सारा गाव जमला. मामलेदारसाहेब खुर्चीवर बसले. वाडीची माणसंही आली होती, मंडळात त्यांचीही घरं धरली होती. दुकान समोरच दिसत होतं आणि दुकानदार दारात हात जोडून उभा होता. नेमका कुणाला, ते कळत नव्हतं.

महिपती बोलायला उभा राहिला. "माजं घर सोवळं हाय. कालचा मान मी सोताच्या हातानं नदीत सोडला."

अंबाजी उठला. "माज्या तर दारातसुदिक आली न्हाई. इचारा बुवांला."

दत्तोबा बुवा म्हणाले, "मी भजनात होतो. मला काय ठावं न्हाई."

पाटी दारोदार फिरलेली साऱ्या गावाने पाहिली होती, पण मामलेदारांपुढे पाटलाला खोटं पाडायला कुणी उठेना; कोंडू पुजारीही पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. झुंबरबाई गप्प बसली असती, तर तिचं काहीच बिघडलं नसतं. मुंडी नदीत गेली असंच ठरलं असतं, माळकऱ्यांची मूठ तिच्या हातात राहिली असती, आणि दोघांपैकी कुणाकडून तरी दुकानाचा शब्द घेता आला असता. शब्द पाळला असता की नाही, तो भाग वेगळा. ती उठली.

"मुंडी नदीत गेली न्हाई," ती म्हणाली. "माज्या चुलीवर शिजली. माज्या ल्योकानं खाल्ली. पाटलाच्या दारातनं अंबाजीच्या दारात, अंबाजीच्या दारातनं बुवांच्या दारात, तितनं माज्या दारात आली. पाटी हातात म्याच घेतली आन उंबऱ्याच्या आत म्याच नेली. माज्या घरची माळ बाटली. ह्ये दुसऱ्या कुनी सांगाय नगो, म्हनून मी सांगतीया. आता माळकऱ्यांनी माजं ऐकायचं न्हाई तर ऐकू नगा."

 मामलेदारांनी कोंडूकडे पाहिलं. कोंडूने होकारार्थी मान हलवली. कालपासून ती चांगली हलत होती.

तेवढ्यात मागून नवसू उठला. "सायेब, पाटलाची मुंडी दर साली मी खातो, म्हनून पाटील सोवळा ऱ्हातो. औंदा निवडनुकीपायी मी उपाशी. खोटं बोलायला समदी पुढं, खरं बोलायला येकली म्हातारी. मग तिलाच करा की परसिडेंट! मला काय, मुंडी वेळेवर आल्याशी कारन."

लोक हसले. मामलेदार हसले नाहीत. ते म्हणाले, "बाईमाणूस होऊ नये, असं काही हुकमात नाही. बाई, तुमची तयारी आहे का?"

"मला गुरंढोरं हायती, काम हाय," झुंबरबाई म्हणाली. "पर दुकान उठंपत्तुर व्हते. मग कुनाला करायचं त्याला करा."

अंबाजीने एकदम हात वर केला. "मी बाजूला झालो! माजं मत मावशीला!" असं म्हणून त्याने माळ काढून अदबीने खिशात घातली आणि दोन्ही हातांनी मान खाजवली. आठवड्यात पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा दिसला.

मग मतं घेतली. घरमालकांनी हात वर करायचे, आधी महिपतीसाठी, मग झुंबरबाईसाठी. दत्तोबा बुवांचा हात महिपतीसाठी वर गेला. आणखीही काही माळकऱ्यांचे गेले, तेही खाली मान घालून. झुंबरबाईने ते हात एकेक करून पाहिले. खुंट्यांवरची सारी नावं तिला आता कळली होती, भिमाजीने चहाडी न करता. खालची आळी, वाडी आणि उरलेले माळकरी तिच्या बाजूने उभे राहिले. मामलेदारांच्या कारकुनाने दोनदा मोजलं आणि दोन्हीकडे सारखेच हात भरले.

"एक घर राहिलं," कारकून म्हणाला. "वेशीजवळचं."

 ते घर झुंबरबाईचं होतं, पण नाव नवऱ्यामागे मुलाचं लागलं होतं. सगळ्या माना वळल्या. भिमाजी गर्दीच्या कडेला, चावडीच्या खांबाला टेकून उभा होता.

महिपती हळूच त्याच्याजवळ गेला. "भिमाजी, इचार कर रं. ती झाली परसिडेंट की पयलं दुकान जानार. रोज तळेगावचं मरनाचं काम करून येतोस. वाटंत घोटभर आसरा तेवढाच हाय तुला. तू मला हात दे, मी सांबाळून घेतो."

भिमाजीने दुकानाकडे पाहिलं. दुकानदाराने तिथूनच मान डोलवली. भिमाजीने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.  

"आई," तो म्हणाला, "आजच्या दिस तरी दुकान उगडं ऱ्हाईल का?"

 नुसतं 'व्हय' म्हणायचं, एवढंच होतं. एका संध्याकाळचा प्रश्न. मत पदरात पडलं असतं, दुकान उद्या गेलं असतं, आणि कुणी नावंही ठेवली नसती.

"न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "आत्ता. ह्या घटकेला."

"मला वाटलंच," भिमाजी म्हणाला आणि त्याने हात वर केला.

कारकुनाने लिहून घेतलं, मामलेदार उठले, लोक उठले, दुकानाच्या कडीला टाळं पडल्याचा आवाज चावडीपर्यंत आला. भिमाजी खांबाला तसाच टेकून, हात वर धरून उभा होता. शेवटी झुंबरबाईने जवळ जाऊन तो आपल्या हातांनी खाली घेतला.